‘जाऊन आल्यावर मी वेगळी होईन का?’

या महिन्यात शिकायला परदेशी जाण्याबद्दल इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून पाच पत्रं निवडली, नावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि एका सेमिस्टरसाठी परदेशातल्या युनिव्हर्सिटीत जायचा चान्स आलाय. जो भेटतो तो म्हणतो ‘जा, खूप ग्रो होशील’. पण ग्रो होणं म्हणजे नक्की काय? फोटो आणि सीव्हीवरची एक ओळ सोडली तर खरंच काही होतं का? माझा एक मित्र जाऊन आला, तो मला होता तसाच वाटतो.

तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण ‘ग्रो होशील’ हे सगळे म्हणतात पण काय वाढतं ते कुणीच सांगत नाही.

माझंच सांगते. मी शिकायला गेले तेव्हा पहिले सहा आठवडे सेमिनारमध्ये एक शब्द बोलले नाही. मनात मुद्दा असायचा, तो वहीत लिहायचे, खोडायचे, परत नीट लिहायचे आणि वाक्य मनासारखं होईपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असायची. सातव्या आठवड्यात प्राध्यापकांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, तुला काय वाटतं? वहीत काहीच नव्हतं त्या दिवशी. मी म्हणाले, मला हे पटत नाहीये पण का पटत नाहीये ते अजून सांगता येत नाहीये. ते म्हणाले, ठीक आहे, आपण मिळून शोधू, आणि पुढची वीसेक मिनिटं सगळा वर्ग माझ्या त्या अर्ध्या वाक्यावर बोलत होता. उत्तर पूर्ण तयार असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही माझी शाळेपासूनची समजूत त्या दिवशी गेली ती कायमची. कुणी लेक्चर देऊन ती गेली नसती, हे मी खात्रीने सांगते.

आता हे घरी राहून होत नाही का? होऊ शकतं, पण घरी आपली शंभर कामं न विचारता होतात कारण ती कशी होतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. नव्या ठिकाणी तेच सगळं विचारावं लागतं, म्हणजे बघ, प्राध्यापकांना नावाने हाक मारायची की आडनावाने, ईमेलला तीन दिवस उत्तर आलं नाही तर परत लिहिणं उद्धट दिसेल का, ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकजण काहीच करत नाहीये तर त्याला तोंडावर सांगायचं की आडून, दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत लिहिला तरी संदर्भ द्यावा लागतो का (द्यावाच लागतो, आणि हे पहिल्या आठवड्यात विचारून घे, कारण न सांगता उचललेला एक परिच्छेद फार महागात पडू शकतो). वीस-एकविसाव्या वर्षी माणूस पुन्हा पहिलीत बसल्यासारखा होतो आणि विचारायची लाज सोडतो. बाकीची वाढ बरीचशी या लाज सोडण्यातूनच सुरू होते असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

अभ्यासाच्या बाजूनेही बघ. कायद्याचा विद्यार्थी जिथे न्यायालयाच्या जुन्या निकालांना मोठं वजन असतं अशा देशातून फ्रान्स किंवा जर्मनीत गेला की त्याला दिसतं, इथे आधी संहिता उघडतात, तिच्या कलमापासून युक्तिवाद सुरू होतो. त्याला आजवर जे ‘कायदा म्हणजे हेच’ वाटत होतं ते कायद्याचं एक घराणं निघतं. इतिहासाच्या मुलांना तर हे फारच जाणवतं, कारण तेच युद्ध, तोच तह, पण पुस्तकातला पहिला धडाच वेगळ्या सालापासून सुरू होतो.

आणि फक्त माझं ऐकू नकोस. जर्मनीत येना इथल्या संशोधकांनी हजाराहून जास्त विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये छापून आला. त्यात परदेशी गेलेले आणि न गेलेले असे दोन्ही होते, म्हणून मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. जाणारी मुलं आधीपासूनच थोडी वेगळी होती, जास्त मोकळी, जास्त मिसळणारी, हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय. पण तो फरक बाजूला ठेवला तरी गेलेल्यांमध्ये नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा आणि समजूतदारपणा वाढलेला दिसला आणि सतत काळजी करत बसण्याचा स्वभाव कमी झालेला दिसला. हे कशामुळे, तर मोठा वाटा होता तिथे जोडलेल्या नव्या माणसांचा. म्हणजे अडचणीला धावून येतील अशी दुसऱ्या देशांतली माणसं ज्यांना मिळाली त्यांच्यात बदल झाला.

तुझ्या मित्राबद्दल एवढंच, की तो कट्ट्यावर तसाच दिसेल, पण एखादं काम अडल्यावर तो काय करतो ते बघ. फॉर्म परत आला, गाडी चुकली, समोरचा माणूस ऐकत नाहीये, अशा वेळी बघ. आणि त्याला विचार की तिथे सगळ्यात वाईट दिवस कोणता होता. फोटोंबद्दल विचारू नकोस.

प्रश्न : माझी मुलगी एम.ए.साठी परदेशी जाऊन नऊ आठवडे झालेत. पहिले पंधरा दिवस दिवसातून तीन फोन, नुसता आनंदीआनंद. आता दोन-दोन दिवस फोन नाही, आणि केला तर रडते, म्हणते मला इथे काहीच येत नाही, परत येऊ का. ती शाळेपासून कायम पहिली आलेली मुलगी आहे. मी तिला परत बोलवू का? रात्र रात्र झोप लागत नाही.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची काळजी अगदी खरी आहे आणि तिचं रडणंही खरं आहे, पण त्याचा अर्थ ती हरली असा नाही हे आधी सांगते.

या अवस्थेला ‘कल्चर शॉक’ म्हणतात, आणि हा शब्द रुळवला तो कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने, १९५० च्या दशकात. त्याचं म्हणणं साधं होतं, की रोजच्या जगण्यातल्या शेकडो ओळखीच्या खुणा, कधी हात मिळवायचा, कधी हसायचं, कुणाचं बोलणं मनावर घ्यायचं आणि कुणाचं नाही, या सगळ्या एकदम नाहीशा होतात आणि त्याची चिंता शरीरात उतरते. माणूस थकतो, चिडतो, सगळ्याला नावं ठेवायला लागतो. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या संशोधकाने फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांशी बोलून लिहिलं की आधी उत्साह, मग घसरण, मग हळूहळू वर, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख दिसतो. तुमच्या मुलीचं वर्णन याच्याशी जुळतंय. पण सगळ्यांचं असंच होतं असं धरून बसू नका, न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा १९९८ मधला अभ्यास आहे, त्यात सगळ्यात जास्त त्रास अगदी आल्या आल्याच दिसला, पुढे तो कमी होत गेला. कुणाला दुसऱ्या दिवशी, कुणाला तिसऱ्या महिन्यात, कॅलेंडर काही ठरलेलं नाही.

कायम पहिल्या आलेल्या मुलांना जरा जास्तच जड जातं हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तिच्या मनात स्वतःची जी ओळख आहे ती मार्कांवर उभी आहे, आणि तिथे तिला अचानक वाचलेलं कळत नाहीये, वर्गातली चर्चा हातातून निसटतेय, बोलताना शब्द सापडत नाहीयेत. हुशारी कुठेही गेलेली नसते, ती दिसायचा रस्ता तेवढा बंद झालेला असतो आणि तो उघडायला काही महिने लागतात. पण हे तिला फोनवर समजावून सांगू नका, आत्ता ते पोचणार नाही.

काय करा? ती रडली की लगेच उपाय सुचवू नका, आधी ऐका. मग एकच प्रश्न विचारा, ‘हे तू तिथे कुणाला विचारलंस का?’ बहुतेक उत्तर नाही असं येईल. प्राध्यापक आठवड्यातून ठरावीक तास विद्यार्थ्यांसाठी मोकळे ठेवतात त्याला ऑफिस अवर्स म्हणतात, आपली मुलं तिथे जायला घाबरतात कारण त्यांना वाटतं आपलं अज्ञान उघडं पडेल. ते तास त्यासाठीच असतात हो. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये लेखन सुधारून देणारं केंद्र असतं, समुपदेशक असतात, परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं ऑफिस असतं. या तिघांपैकी एकीकडे ती या आठवड्यात गेली तरी खूप झालं. आणि तीन फोनांची सक्ती नको, दोघींनी मिळून आठवड्यातले दोन दिवस ठरवा.

एक गोष्ट मला आठवते ती सांगते. पहिल्याच दिवशी मला एक फॉर्म भरायचा होता, त्यात एक रकाना होता, अडचणीच्या वेळी संपर्क करायची याच शहरातली व्यक्ती. मी पेन हातात धरून बसून राहिले. त्या शहरात मी ज्याचं नाव लिहू शकेन असा एकही माणूस नव्हता. रकाना रिकामा ठेवून फॉर्म दिला. फेब्रुवारीत तोच फॉर्म पुन्हा भरायला दिला तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मैत्रिणीचं नाव मी विचारही न करता लिहिलं, नंबरसुद्धा तोंडपाठ होता, आणि मग लक्षात आलं की मध्ये काय घडून गेलंय. तुमच्या मुलीचा तो रकाना अजून रिकामा आहे असं समजा. तो भरायला वेळ द्या.

मात्र दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण नाही, खोलीबाहेर पडणं बंद, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी तिथल्या समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी तिला बोलायला लावा, गरज पडली तर युनिव्हर्सिटीत तुम्ही स्वतः फोन करा. तेव्हा परत येणं योग्य ठरलं तर त्यातही काहीच कमीपणा नाही.

प्रश्न : एक सेमिस्टर पुरे की पूर्ण डिग्री तिथेच करावी? आणि सेमिस्टर करून आलो तर तिथले क्रेडिट्स इथे धरतात का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. जाण्याआधी लेखी घेतलं असेल तर धरतात, तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस. विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणाऱ्या युरोपातल्या इरॅस्मस योजनेत यासाठी ‘लर्निंग अॅग्रीमेंट’ नावाचा कागद असतो, त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही संस्था सही करतात, कुठले विषय तिथे करणार आणि त्याबदल्यात इथे काय धरणार हे त्यात लिहिलेलं असतं. तिथे पूर्ण वेळ शिकण्याचं एक वर्ष ६० क्रेडिट्सचं मोजतात म्हणून हिशोब जमवणं सोपं जातं. तुझी योजना दुसरी असली तरी असाच कागद मागून घे, आणि तिथे पोचल्यावर विषय बदलला तर त्याच आठवड्यात ईमेल करून नवीन मंजुरी घे, अडकतात ती मुलं इथेच अडकतात.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझं मत असं की जितकं जास्त राहता येईल तितकं चांगलं, पण देश गोळा करू नकोस. विल्यम मॅडक्स आणि अॅडम गॅलिन्स्की या संशोधकांचं २००९ मधलं काम आहे, त्यांनी मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना एक जुनं कोडं घातलं. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांचा खोका दिलाय, मेणबत्ती भिंतीवर अशी लाव की मेण खाली टेबलावर सांडणार नाही. उत्तर असं की खोका रिकामा करायचा आणि तोच टाचण्यांनी भिंतीला लावून त्यावर मेणबत्ती ठेवायची, म्हणजे खोका फक्त टाचण्या ठेवायला असतो हे डोक्यातून काढावं लागतं. जे जास्त काळ परदेशात राहिले होते त्यांना हे सुटण्याची शक्यता जास्त होती, नुसत्या फिरून आलेल्या दिवसांचा तसा काही फायदा दिसला नाही. नंतर २०१८ मध्ये गॅलिन्स्की आणि इतरांनी आणखी एक गोष्ट दाखवली, की ‘मी कोण आहे, मला काय महत्त्वाचं वाटतं’ याची स्पष्टता किती देशांत राहिलात यावर नाही तर किती काळ राहिलात यावर अवलंबून होती. म्हणून सेमिस्टरच मिळत असेल तर दर शनिवार-रविवारी नवं शहर बघायला पळू नकोस, एकाच ठिकाणी मुरायचा प्रयत्न कर, तिथल्या एखाद्या क्लबात किंवा टीममध्ये नाव घाल, जिथे तू आला नाहीस तर कुणाच्या तरी लक्षात येईल.

प्रश्न : मला जायचंच होतं पण घरच्या परिस्थितीमुळे शक्य नाही. मैत्रिणींच्या पोस्ट बघून वाटतं मी मागे राहणार. न जाणाऱ्यांनी काय करायचं?

तुला वाईट वाटणं मी समजू शकते आणि ‘त्यात काय एवढं’ असं मी मुळीच म्हणणार नाही. पण मागे राहणार हे मात्र मला मान्य नाही.

स्वीडनमध्ये मालमो इथे १९९८ मध्ये नवीन युनिव्हर्सिटी सुरू झाली तेव्हा तिच्याकडे मुलांना पाठवायला परदेशी संस्थांचं जाळंच नव्हतं. तिथल्या बेंग्ट नील्सन यांनी विचार मांडला की शहरात इतक्या देशांमधून आलेले लोक राहतात, तर मुलांनी इथेच, घरच्या घरी, दुसऱ्या संस्कृतीशी भिडायला काय हरकत आहे. विद्यार्थ्यांनी स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचे मेंटर व्हायचं अशा प्रकारची कामं तिथे सुरू झाली आणि ‘इंटरनॅशनलायझेशन अॅट होम’ ही कल्पना तिथून पसरली. तेव्हा तुझ्या कॉलेजात बाहेरून आलेले विद्यार्थी असतील तर त्यांची सोबतीण हो, वेगळी भाषा बोलणारी रूममेट मागून घे, आणि दोन देशांतल्या वर्गांनी ऑनलाइन मिळून एक प्रोजेक्ट करायचा असे कोर्स आता बरेच आहेत त्यात नाव घाल. वेगवेगळ्या टाइमझोनमधल्या चार अनोळखी मुलांबरोबर दीड महिना एक रिपोर्ट लिहिणं, कुणी वेळ पाळत नाही, कुणी फार स्पष्ट बोलतं, कुणी नुसतं होहो म्हणतं आणि करत नाही, या सगळ्यातून वाट काढणं ही मोठी शिकवण आहे, माझं ऐक.

आणि शिष्यवृत्तीचा दरवाजा बंद धरू नकोस. फुलब्राइट १९४६ पासून आहे, जर्मनीची डीएएडी १९२५ पासून, ब्रिटनची चिव्हनिंग आहे. यातल्या अनेक पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत, म्हणजे तुझी वेळ अजून यायचीय.

प्रश्न : दोन वर्षं बाहेर शिकून परत आलोय, चार महिने झाले. घरी सगळे प्रेमाने वागतात पण मलाच परकं वाटतं. तिथल्या गोष्टी सांगायला लागलो की मित्र विषय बदलतात, एकजण तर म्हणाला ‘पुरे तुझं फॉरेन’. आई म्हणते तू उलट उत्तरं द्यायला लागलास. मी बिघडलोय का?

नाही रे, अजिबात नाही. जाताना सगळे बजावतात, येताना मात्र कुणीच सावध करत नाही. गलाहॉर्न या संशोधक पती-पत्नींनी १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की परत आल्यावर दुसरी घसरण येते, म्हणून वर सांगितलेल्या यू चा डब्ल्यू होतो. ही दुसरी जास्त बोचते कारण घरी आपण परके असू अशी अपेक्षाच नसते.

आईचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस पण टाकूनही देऊ नकोस. तिथे दोन वर्षं तुला ‘मला पटत नाही, कारण…’ असं बोलायला शिकवलं गेलं, ते चांगलंच आहे, पण आईला त्यातलं ‘पटत नाही’ एवढंच ऐकू येतंय. कारण आधी सांग, पटत नाही नंतर सांग, फरक पडेल. मित्रांना सगळी दोन वर्षं सांगायला जाऊ नकोस, त्यांनी विचारलं तर एकच प्रसंग सांग, आणि त्यांच्या दोन वर्षांत काय झालं ते खरंच विचार. तू नव्हतास तेव्हा त्यांचंही आयुष्य चालू होतं.

तुला एका बाईंची गोष्ट सांगते. सोफिया कोराडी, इटलीच्या. १९५७-५८ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत कायदा शिकून रोमला परतल्या आणि आपल्या युनिव्हर्सिटीत म्हणाल्या, हे शिक्षण धरा. तर तिथे ते धरायला चक्क नकार दिला, जणू परदेशात त्या मजा करायलाच गेल्या होत्या. त्या चिडल्या, आणि मग त्या चिडीचं त्यांनी काम केलं. वर्षानुवर्षं प्रस्ताव लिहिले, अधिकाऱ्यांना भेटल्या, की मुलांनी दुसऱ्या देशात शिकलेलं मायदेशी मोजलं गेलं पाहिजे. १९८७ मध्ये इरॅस्मस सुरू झालं, पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले, आणि आजवर एक कोटीहून जास्त लोक त्यातून जाऊन आलेत. कोराडींना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणायचे.

तुला एवढं मोठं काही करायला सांगत नाहीये. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की तिथली वही अजून बॅगेतच आहे, उघडावीशी वाटत नाही. ती काढ. तुझ्या जुन्या कॉलेजात पुढच्या सत्रात जाणारी मुलं नक्की असतील, तिथल्या ऑफिसला फोन करून विचार की त्यांच्याशी एक तास बोलू का. त्यांना तुझा पहिला महिना ऐकायचाय, अगदी बारीकसारीक, कुठला फॉर्म अडला आणि कुणी मदत केली इथपर्यंत, आणि ती मुलं विषय बदलणार नाहीत. झालं की मला कळव, कोणता प्रश्न त्यांनी सगळ्यात जास्त वेळा विचारला.